पूल वाहनांचे, नदी साऱ्यांची

शहरातल्या नदीवर पूल पुष्कळ असतात, पण पायी जाणाऱ्याला आणि सायकलस्वाराला त्यावर जागा किती असते? लखनौच्या गोमतीवर हा प्रश्न आहे आणि पुण्याच्या मुठेवरही आहे.

लखनौ म्हटले की मराठी वाचकाला चिकनचे कुडते आठवतात, 'पहले आप' म्हणणारी अदब आठवते, भूलभुलैया आठवतो. संगीताची आवड असेल, तर पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली सुरू झालेले कैसरबागेतील संगीत विद्यालय आठवते. पण हे शहर ज्या नदीच्या काठी वसले, ती गोमती पटकन डोळ्यांपुढे येत नाही. पिलिभीत जिल्ह्यातल्या एका तळ्यातून निघालेली ही शांत नदी लखनौ शहराचे सरळ दोन भाग करते आणि पुढे वाराणसीच्या खाली गंगेला जाऊन मिळते.

नदीच्या एका बाजूला चौक, कैसरबाग, हजरतगंज हे जुने लखनौ आहे. दुसऱ्या बाजूला लखनौ विद्यापीठ, निशातगंज, महानगर, अलीगंज आणि अलीकडच्या काळात वाढलेले इंदिरानगर व गोमतीनगर आहे. कुणाचे घर अलीकडे तर नोकरी पलीकडे. कुणाचे कॉलेज पलीकडे तर शिकवणी अलीकडे. म्हणजे रोज नदी ओलांडणे आलेच. ज्याच्याकडे मोटार किंवा स्कूटर आहे, त्याला पूल कधी आला आणि कधी गेला हे कळतही नाही. परंतु जो पायी निघाला आहे किंवा जुन्या सायकलला डबा अडकवून निघाला आहे, त्याच्या दृष्टीने पूल ही दिवसातली सर्वांत अवघड जागा असते.

अशी माणसे थोडी नाहीत. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांना 'तुम्ही कामावर कसे जाता?' असे विचारले होते. देशभरातील सुमारे २३ टक्के लोक पायी आणि सुमारे १३ टक्के लोक सायकलने जातात, असे त्यातून दिसले. शाळेत जाणारी मुले, बाजारात जाणाऱ्या गृहिणी आणि देवळात किंवा दवाखान्यात निघालेले वृद्ध या हिशेबात नाहीत. एवढ्या लोकांसाठी आपल्या शहरांनी नदीवर कोणती सोय केली?

नवाबांच्या काळातील पूल

लखनौच्या पुलांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १७७५ साली नवाब आसफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. त्याच्याच काळात गोमतीवर दगडी कमानींचा पूल झाला. लोक त्याला 'शाही पूल' म्हणत. त्यावरून पालख्या जात, घोडे, उंट आणि हत्ती जात, पण गर्दी असे ती पायी चालणाऱ्यांचीच. पूल बांधला म्हणजे तो माणसांसाठीच, हे तेव्हा वेगळे सांगावे लागत नव्हते.

दुसऱ्या पुलाची गोष्ट तर आजच्या सरकारी कामांची आठवण करून देणारी आहे. नवाब सआदत अली खान याला गोमतीवर लोखंडी पूल हवा होता. इंग्लंडमधील नामांकित अभियंता जॉन रेनी याच्याकडून आराखडा घेण्यात आला आणि पुलाचे ओतीव लोखंडी भाग जहाजाने मागवले गेले. ते येऊन पोहोचण्यापूर्वीच १८१४ साली नवाब वारला. पुढच्या नवाबाला त्यात रस नव्हता. मग ते सुटे भाग लखनौत वर्षानुवर्षे पडून राहिले. एकामागून एक राज्यकर्ते बदलले आणि अखेर अमजद अली शाहच्या कारकिर्दीत, म्हणजे १८४० नंतरच्या दशकात, तो पूल उभा राहिला. माल आला, पैसा खर्च झाला, पण नदी ओलांडायला लोकांना आणखी एक पिढी थांबावे लागले.

१८५७ च्या लढाईत या दोन्ही पुलांचे महत्त्व सर्वांना कळून आले. ३० जून रोजी चिनहटला इंग्रजांचा पराभव झाला आणि उठावाचे सैनिक नदी ओलांडून शहरात शिरले. रेसिडेन्सीत अडकलेल्यांच्या तोफा याच पुलांच्या रोखाने लावलेल्या होत्या. पूल ज्याच्या हाती, त्याच्या हाती शहराची वाट होती.

आसफउद्दौलाचा दगडी पूल पुढे मोडकळीस आला. १९११ साली तो पाडून त्याच्या जागी नवा पूल बांधण्यात आला. १० जानेवारी १९१४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कागदोपत्री तो हार्डिंग ब्रिज होता, पण लोकांनी त्याला रंगावरून 'लाल पूल' म्हटले आणि मजबुतीवरून 'पक्का पूल' म्हटले. आज शंभरीपार गेलेला हा पूल लखनौची ओळख बनला आहे. संध्याकाळी त्याच्या कठड्याशी उभे राहून नदी पाहणारी माणसे आजही दिसतात. पुलावर थांबून नदी पाहता येणे ही साधी गोष्ट आहे, पण नंतर बांधलेल्या किती पुलांवर ती शक्य आहे?

स्वातंत्र्यानंतर शहर वाढले, वाहने वाढली आणि पुलांची व्याख्याच बदलून गेली. पूल म्हणजे मोटारींच्या किती रांगा जातील, हा एकच हिशेब उरला. कडेला हात-दीड हाताचा फूटपाथ ठेवला की पादचाऱ्याची सोय झाली असे मानले जाऊ लागले. त्या फूटपाथावर कुठे विजेचा खांब, कुठे पाण्याची जलवाहिनी, कुठे उघडे झाकण. सायकलसाठी तर तेवढेही नाही. तिने बस आणि ट्रकच्या चाकांशेजारून जीव मुठीत धरून जायचे.

काठाने चालणे वेगळे, पलीकडे जाणे वेगळे

लखनौने पादचाऱ्यांचा आणि सायकलींचा विचार मुळीच केला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१२ ते २०१७ या काळात उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाचे सरकार होते आणि सायकल हे त्या पक्षाचे निवडणूक चिन्हच आहे. त्या काळात लखनौतील अनेक रस्त्यांच्या कडेला सायकल मार्ग तयार झाले. इटावा ते आग्रा असा २०० किलोमीटरहून लांब सायकल मार्गही २०१६ साली सुरू झाला. गोमतीच्या दोन्ही काठांवर भिंती बांधून, बागा, कारंजी आणि फिरायला रस्ते करण्याची मोठी योजनाही तेव्हाचीच.

२०१७ साली सरकार बदलले. सायकल मार्ग रुंद रस्त्यांच्या आड येतात, ते काढून टाकावेत अशी भाषा सुरू झाली. अनेक ठिकाणी त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या, टपऱ्या आल्या. गोमतीकाठच्या योजनेतील खर्चाची चौकशी सीबीआयकडे गेली. सायकल ही एका पक्षाची खूण ठरली आणि तिच्याकडे वाहतुकीचे साधन म्हणून पाहणे मागे पडले. वास्तविक डबा घेऊन कारखान्यात जाणारा कामगार कोणाला मत देतो, याचा त्याच्या सायकलशी काहीच संबंध नसतो.

या सगळ्यात एक मुद्दा हरवला. नदीच्या काठाकाठाने केलेला रस्ता हा फिरण्याचा रस्ता असतो. सकाळी बूट घालून चार फेऱ्या मारायच्या आणि घरी परतायचे, यासाठी तो उत्तम. परंतु ज्याला कामावर जायचे आहे त्याला काठाने जाऊन काय मिळणार? त्याला पलीकडे जायचे आहे. समजा, त्याचे घर आणि त्याचे दुकान नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर आहेत आणि जवळचा पूल दोन किलोमीटरवर आहे. मग दोन किलोमीटर जायचे, पूल ओलांडायचा आणि पुन्हा दोन किलोमीटर उलट यायचे. समोर दिसणारे दुकान गाठायला पाऊण तास ते तास लागतो. दोनतीनशे मीटरचा एक साधा पूल असेल, तर तेच अंतर पाच मिनिटांचे होते. काठावर कितीही फुले लावली तरी ही पाच मिनिटे मिळत नाहीत.

८ मार्च २०१९ रोजी लखनौ मेट्रोचा उत्तर-दक्षिण मार्ग पूर्ण सुरू झाला. केडी सिंह बाबू स्टेडियम आणि विश्वविद्यालय या स्थानकांदरम्यान मेट्रो गोमती ओलांडते. नदीवरून झपकन गाडी जाते ही चांगलीच गोष्ट आहे. पण मेट्रोचा प्रवासीदेखील घरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून पुढे पायीच जातो, हे विसरून चालणार नाही.

जगाने काय केले?

केवळ पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी नदीवर वेगळा पूल बांधायचा, ही कल्पना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर रुजली. त्यामागचे कारण सरळ आहे. मोटारींच्या पुलाला रुंद रस्ते जोडावे लागतात, जमीन लागते, घरे पाडावी लागतात. पादचारी पूल अरुंद गल्लीच्या तोंडाशीही उतरू शकतो. तो हलका असतो, त्याला जागा कमी लागते आणि धूर-आवाज तर नाहीच.

इंग्लंडमध्ये टाइन नदीवर न्यूकॅसल आणि गेट्सहेड या दोन शहरांना जोडणारा असा पूल सप्टेंबर २००१ मध्ये खुला झाला. त्याच्यावर सायकलींची वाट वेगळी आणि पादचाऱ्यांची वेगळी, थोड्या उंचीवर. खालून बोटी जायच्या असतील तेव्हा संपूर्ण पूलच डोळ्याची पापणी उघडावी तसा वर कलतो. जगभरचे लोक तो पाहायला जातात. पण पाहुणे येवोत न येवोत, पलीकडच्या काठावर कामाला जाणारे लोक तो रोज वापरतात.

लंडनच्या मिलेनियम पुलाची कथा अधिक बोलकी आहे. थेम्स नदीवरचा हा पादचारी पूल १० जून २००० रोजी उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. कारण लोक चालू लागले तसा तो आडवा डुलू लागला. चालताना प्रत्येक माणूस नकळत थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे झुकतो. पूल किंचित हलला की तोल सांभाळण्यासाठी सगळे त्याच्या तालात पाऊल टाकू लागतात आणि त्यामुळे पूल आणखी हलतो. मोठमोठ्या अभियंत्यांच्याही हे आधी ध्यानात आले नव्हते. मग मोटारीच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखी धक्का शोषणारी यंत्रणा पुलाखाली बसवण्यात आली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. पादचाऱ्यांचा पूल म्हणजे किरकोळ काम, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

डेन्मार्कमधील कोपनहेगन शहराचा अनुभव निराळा आहे. तिथे बंदराच्या पाण्यावर २००६ साली पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी पूल झाला. पूल उत्तम होता, पण एका बाजूने त्याच्यापर्यंत यायला सायकलस्वारांना जिना उतरावा लागे. सायकल उचलून पायऱ्या उतरणे कुणाला आवडेल? अखेर २०१४ साली सापासारखा वळत जाणारा सायकलींचा उंच रस्ता बांधून त्या जिन्याची अडचण दूर केली गेली. पुलाचे यश त्याच्या मधल्या भागावर नव्हे, तर दोन टोकांवर अवलंबून असते, हा धडा त्यातून मिळाला.

अहमदाबादचा देखणा पूल

आपल्या देशातील याबाबतचे सर्वांत ठळक उदाहरण अहमदाबादचे. साबरमतीवर एलिस ब्रिज आणि सरदार ब्रिज यांच्या दरम्यान ३०० मीटर लांबीचा 'अटल ब्रिज' बांधण्यात आला. २७ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गुजरातच्या पतंगांवरून त्याचे रंगीत छत सुचले आहे. मधोमध बसायला जागा, झाडे, पायाखाली काचेचे तुकडे, रात्री रोषणाई. तो पाहायला गर्दी लोटली यात नवल नाही. नदीवर निवांत उभे राहता यावे, पोराबाळांना घेऊन संध्याकाळ घालवता यावी, ही शहरी माणसाची भूक किती मोठी आहे हे त्या गर्दीने दाखवून दिले.

पण उद्घाटनानंतर काही दिवसांतच पुलावर तिकीट लागू झाले. प्रौढांना ३० रुपये. उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा ठरल्या. सहलीचे ठिकाण म्हणून त्यात वावगे काही नाही. स्वच्छता आणि देखरेखीला पैसा लागतोच. परंतु रोज कामावर जाणाऱ्याने हिशेब केला तर? जाऊन-येऊन ६० रुपये, महिन्याच्या २५ दिवसांचे १,५०० रुपये! त्यापेक्षा बस स्वस्त पडेल. म्हणजे तिकीट लागले त्या क्षणी पूल हा रस्ता राहत नाही, तो बाग होतो. शहराला बागा हव्यातच. मात्र बाग बांधून 'पादचाऱ्यांची सोय केली' असे म्हणू नये.

लखनौत किंवा दुसऱ्या कोणत्याही शहरात असा पूल बांधण्याचा विचार झाला, तर पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. हा पूल पाहण्यासाठी आहे की पलीकडे जाण्यासाठी?

गर्दीचे वजन

मोटारी नाहीत म्हणजे पुलावर भार नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली गर्दी फार जड असते. म्हणूनच पादचारी पुलांचा आराखडा करताना दर चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो वजन धरले जाते. चार मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब पुलावर हे वजन १६० ते २०० टनांपर्यंत जाते!

३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील मोरबी येथे मच्छू नदीवरचा जुना झुलता पूल कोसळला आणि १३५ जणांचा मृत्यू झाला. दिवाळीची सुटी, रविवारची संध्याकाळ. मरणाऱ्यांत लहान मुले बरीच होती. दुरुस्तीनंतर पूल पुन्हा उघडून अवघे चार दिवस झाले होते. विशेष तपास पथकाला असे आढळले की, एका मुख्य केबलमधील ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. पुलावर एका वेळी किती माणसे सोडायची यावर नियंत्रण नव्हते. या घटनेनंतर लगेच अहमदाबादच्या अटल ब्रिजवर तासाला ३,००० लोकांची मर्यादा घालण्यात आली.

आपल्या महाराष्ट्रातही १५ जून २०२५ च्या रविवारी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चौघांचा जीव गेला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. पावसाळ्यात पाणी पाहायला आलेल्यांची पुलावर गर्दी झाली होती. पूल धोकादायक असल्याचा इशारा तेथे होता. पण इशाऱ्याच्या फलकाने गर्दी थांबत नाही. पूल धोकादायक असेल तर तो बंद करावा लागतो, आणि बंद केला तर गावकऱ्यांना दुसरी वाट द्यावी लागते. नुसता फलक लावून जबाबदारी झटकता येत नाही.

पूल बांधताना नारळ फुटतो, हारतुरे होतात, कोनशिलेवर नावे येतात. नट-बोल्ट तपासायला, केबलला तेल-रंग करायला, फरशी बदलायला मात्र समारंभ नसतो. म्हणून त्यासाठी पैसाही नसतो. घरातली शिलाई मशीनसुद्धा वर्षातून एकदा तेल मागते. रोज हजारो माणसे अंगावर घेणाऱ्या पुलाला ते नको?

पुण्यातील पेठा आणि नदी

मराठी वाचकाने हा प्रश्न उत्तरेचा म्हणून सोडून देऊ नये. पुण्यात मुठा नदी पेठा आणि डेक्कन यांच्यामधून वाहते. पानिपतच्या लढाईनंतर १७६१ साली तिथे लाकडी पूल झाला, म्हणून आजच्या काँक्रीटच्या पुलालाही लोक 'लकडी पूल' म्हणतात. पुढे अनेक पूल झाले. त्यातला भिडे पूल इतका खालून जातो की, खडकवासल्यातून पाणी सोडले की तो बुडतो. पुणेकर पावसाळ्याची मोजदाद 'भिडे पूल पाण्याखाली गेला' या बातमीवरून करतात.

१ ऑगस्ट २०२३ रोजी पुणे मेट्रोची डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही नदीकाठची स्थानके सुरू झाली. स्थानके एका काठावर आणि दाट वस्तीच्या पेठा दुसऱ्या काठावर. म्हणून या स्थानकांपासून नदीपलीकडे पेठांत जाणारे पादचारी पूल बांधण्याचे काम महामेट्रोने हाती घेतले. डेक्कनच्या पुलासाठी एप्रिल २०२५ मध्ये भिडे पूल वाहनांना बंद करण्यात आला आणि कामाची मुदत लांबत गेल्याने लोकांना बराच मनस्ताप झाला. तरीही या पुलांमागचा विचार योग्य आहे. नारायण पेठेतील आजोबांना रिक्षा न करता मेट्रोपर्यंत चालत जाता यावे, हाच तो विचार. इथे पूल हा देखावा नाही, ती वाट आहे. लखनौच्या विद्यापीठाजवळ किंवा नाशिकच्या गोदावरीवर असा विचार करता येणार नाही का?

नागरिकांनी काय विचारावे?

नवा पादचारी पूल मंजूर झाला की वृत्तपत्रांत रंगीत चित्र छापून येते. चित्रात पूल नेहमीच सुंदर असतो. त्या चित्राने भारावून न जाता नगरसेवकाला आणि पालिकेच्या अभियंत्याला काही साधे प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न जागेचा. पूल कुठून कुठे जाणार आहे? त्याच्या एका टोकाला वस्ती आणि दुसऱ्या टोकाला शाळा, बाजार, बसथांबा किंवा मेट्रो स्थानक असेल, तर तो वापरला जाईल. दोन्ही टोकांना नुसती बाग असेल, तर तो रविवारी भरेल आणि सोमवारी ओस पडेल.

दुसरा प्रश्न चढणीचा. पूल महापुराच्या पातळीच्या वर ठेवावा लागतो. १९६० सालच्या गोमतीच्या पुराने लखनौत केवढा हाहाकार माजवला होता! त्यामुळे काठापासून पुलावर चढावे लागणारच. पण जिना हा त्यावरचा उपाय नव्हे. चाकाच्या खुर्चीसाठी १२ मीटर चालून १ मीटर चढ, यापेक्षा तीव्र उतार नसावा असा आपल्याकडचा संकेत आहे. सायकलसाठी २० मीटरला १ मीटर असा सौम्य उतार बरा. पूल काठापासून ५ मीटर उंच असेल, तर पहिल्या हिशेबाने ६० मीटर आणि दुसऱ्या हिशेबाने १०० मीटर लांबीचा उतार लागतो. त्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते. नंतर आठवण झाली की मग लिफ्ट बसवली जाते आणि ती वर्षभरात बंद पडते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोगी असणे बंधनकारक केले आहे, याचीही आठवण करून द्यावी.

तिसरा प्रश्न वेगळ्या वाटांचा. सायकल आणि पादचारी एकाच अरुंद पट्टीवर सोडले तर म्हातारी माणसे बिचकतात. दोन्हींच्या वाटा वेगळ्या हव्यात आणि मोटारसायकली शिरणार नाहीत असे अडसर टोकाला हवेत. मात्र ते अडसर असे असावेत की चाकाची खुर्ची आणि बाबागाडी त्यातून जाईल.

चौथा प्रश्न रात्रीचा. संध्याकाळी सात वाजता शिकवणीहून परतणारी मुलगी या पुलावरून एकटी जाऊ शकेल का? दिवे आहेत का, आणि ते बिघडले तर कोण दुरुस्त करणार? पुलाच्या टोकाला चहाची टपरी, फुलवाली, शेंगदाणेवाला असेल तर तिथे जाग राहते. त्यांना पुलावर पसरू देऊ नये, पण टोकापासून हाकलूनही लावू नये. निर्मनुष्य पुलाला कितीही रोषणाई केली तरी त्यावर भीती वाटतेच.

पाचवा प्रश्न पैशांचा. तिकीट असणार का? असेल, तर रोज ये-जा करणाऱ्यांना ते माफ आहे का? आणि देखभालीची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात आहे का? पुलाची तपासणी कोण करणार, किती महिन्यांनी करणार आणि तिचा अहवाल लोकांना पाहायला मिळणार का? मोरबी आणि कुंडमळ्याच्या घटनांनंतर हा प्रश्न विचारणे म्हणजे विघ्नसंतोषीपणा आहे, असे कुणी म्हणू शकणार नाही.

या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर पूल साधा असला तरी चालेल. त्याला पतंगाचे छत नसले, तो पापणीसारखा उघडत नसला तरी बिघडत नाही. सआदत अली खानाचा लोखंडी पूल सुट्या भागांच्या रूपात लखनौत पडून होता, तेव्हा लोक नावेतून, नाहीतर दूरच्या पुलावरून फेरा घालून जातच होते. आजही नदीच्या दोन काठांवरची माणसे तशीच फेरा घालत आहेत. त्यांच्या पायाखाली दोनतीनशे मीटरची एक सुरक्षित, सपाट आणि फुकट वाट देणे कोणत्याही महापालिकेला न परवडणारे नाही.